सोप्यातला झुला: रेशीम निवडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणी भागातल्या एका गावात हे घडलं. घर मराठी बोलणाऱ्या जैन शेतकरी कुटुंबाचं. घरात आक्का (वय साठीच्या आसपास, शाळेतून निवृत्त), त्यांचे यजमान आण्णा आणि आक्कांच्या सासूबाई, ज्यांना सगळं घर आत्ती म्हणतं. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही किरकोळ तपशील इथे दिलेले नाहीत. आक्कांची भाची पूर्वी माझ्याकडे बेळगावात शिवण शिकायला होती. ती आता बेंगळुरूला असते. तिनेच मला या कामात ओढलं.

आक्कांना पाठीचा त्रास आहे. दुपारी लाकडी झोपाळ्यावर आडवं होता येत नाही आणि खाटेवर उकडतं. भाचीने त्यांना एक तयार हॅमॉक, म्हणजे दोन टोकांनी टांगायचा कापडी झुला, आणून दिला होता. पातळ, चकचकीत, मुठीत मावेल असा. विकणाऱ्याने त्याला ‘पॅराशूट सिल्क’ म्हटलं होतं. आक्का एप्रिलमध्ये त्यात दोन-तीन दुपारी झोपल्या आणि घामाने चिकटून उठल्या. पाठीवर पुरळही आलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: झोपायची पद्धत आवडली, कापड नाही. मग त्यांनी ठरवलं की खऱ्या रेशमाचा झुला घरीच शिवायचा. भाचीनेही दुजोरा दिला, कारण बेंगळुरूला योगवर्गात छताला टांगलेल्या ‘सिल्क’वर लोक उलटे लोंबकळताना तिने पाहिले होते.

अडचण

सगळा गोंधळ या ‘सिल्क’पासूनच सुरू होतो. पॅराशूटची कापडं पूर्वी खरोखर रेशमाची असत. ड्युपाँट कंपनीने 1938 मध्ये नायलॉन जाहीर केलं, दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारं रेशीम थांबलं, आणि पॅराशूट नायलॉनचे झाले. जुनं नाव मात्र दुकानात टिकून राहिलं. आक्कांचा हॅमॉक नायलॉनचाच होता. योगवर्गातली ‘सिल्क’देखील नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची विणलेली असते. म्हणजे माणसाचं वजन पेलतं म्हणून ज्या रेशमाचा दाखला दिला जात होता, ते रेशीम नव्हतंच.

याचा अर्थ रेशीम दुबळं असतं असा नाही. धाग्याच्या जाडीच्या हिशेबाने रेशीम फार मजबूत आहे, साध्या नायलॉनच्या जवळ जाणारं. शिवाय ते हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे 11 टक्के धरून ठेवतं. नायलॉन त्याच्या निम्म्याहूनही कमी धरतं. रेशमावर घाम साचून चिकटत नाही, तो कापडात शिरतो. आक्कांना जे हवं होतं ते रेशमातच होतं.

पण रेशमाचे तीन शत्रू आहेत: ऊन, घाम आणि घडी. उन्हाने ते पिवळं पडतं आणि त्याची ताकद आतून जाते. घामातल्या क्षारांनी कुजतं. आणि वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेली साडी त्याच रेषेवर चिरते, हे प्रत्येक घरातल्या कपाटाला ठाऊक आहे. झुल्यात हे तिन्ही एकत्र येतात आणि वर माणसाचं वजन येतं.

वजनाचा हिशेब

कापड बघण्याआधी मी आक्कांना कागदावर एक हिशेब करून दाखवला. या साऱ्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच, असं मला आजही वाटतं.

झुला दोन बाजूंनी टांगलेला असतो. दोरी जमिनीशी 30 अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर माणसाच्या वजनाइतकाच ताण येतो: 80 किलोचा माणूस, तर प्रत्येक दोरीवर 80 किलो. कोन 15 अंशांवर आणला, म्हणजे झुला ताणून सपाट बांधला, की तोच ताण दीडशेच्या वर जातो. बहुतेक लोक झुला ताणूनच बांधतात, कारण तसा तो नीटनेटका दिसतो. मग कापड फाटलं की दोष कापडाला देतात.

पुढे: माणूस धपकन बसला तर ताण अडीच पट धरायचा, म्हणजे 200 किलो. साडीचा पन्हा साधारण 110 सेंटीमीटर. पण वजन सगळ्या पन्ह्यावर सारखं पसरत नाही, मधल्या भागावर जास्त येतं. म्हणून दुप्पट धरलं, तर दर सेंटीमीटरला साडेतीन-चार किलो. त्यावरून आम्ही एक घरगुती कसोटी ठरवली: उभ्या धाग्याच्या दिशेने कापलेल्या 5 सेंटीमीटर रुंद पट्टीने 20 लिटर पाण्याचा कॅन रात्रभर पेलला पाहिजे. आण्णांनी दोन फळ्यांमध्ये पट्टी दाबून धरणारी एक चाप बनवली. यापेक्षा जास्त सामान लागलं नाही.

पुढे आलेले पर्याय

आक्कांनी आणि भाचीने बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात एक फेरी केली आणि नमुने गोळा केले. वडगाव, खासबाग, शहापूर हा पट्टा साड्यांच्या मागांचा. तिथल्या दुकानदाराला कापडाची नस माहीत असते. पण गिऱ्हाईक साडी मागायला आलंय असंच तो धरून चालतो. झुल्यासाठी म्हटल्यावर एकाने हात जोडले.

पहिला नमुना ‘आर्ट सिल्क’. जळत्या काडीला लावल्यावर कागदासारखा जळला आणि त्याला वासही कागदाचाच. म्हणजे व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा. सुकं असताना त्याने कॅन पेलला. भिजवून टांगल्यावर थोड्याच वेळात पट्टी तुटली. व्हिस्कोस ओलं झालं की जवळजवळ निम्मी ताकद गमावतं. घामाच्या जागी हे कापड नकोच.

दुसरा, मीटरने मिळणारं साधं तुतीचं रेशीम, दुकानाच्या भाषेत ‘60 ग्रॅम’. जळताना केस जळल्याचा वास आणि चुरडली जाणारी काळी राख, म्हणजे अस्सल. वर सिल्क मार्कची चिठ्ठीही होती. (ही खूण केंद्रीय रेशीम मंडळाने 2004 मध्ये सुरू केली. खरेदीच्या वेळी ती मागायला लाजू नये.) पट्टीने कॅन आरामात पेलला. मग मी तीच पट्टी मधोमध कापून शिलाईने जोडली आणि पुन्हा टांगायला लावली. शिलाई तुटली नाही. शिलाईच्या दोन्ही बाजूंचे गुळगुळीत धागे सरकले आणि तिथे जाळी पडली. पातळ रेशमाची खरी कमजोरी ही. कापड टिकतं, जोड टिकत नाही, आणि झुल्याच्या दोन्ही टोकांना जोड लागतोच.

तिसरा पर्याय आक्कांच्या मनातला: त्यांचं जुनं इरकली लुगडं. अंग सुती, पदर रेशमी, आणि हाताला एकदम दणकट. मी याला लगेच नको म्हटलं. इरकलीत अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगळे असतात आणि ते एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. त्याला टोपी-तेनी म्हणतात. नेसताना त्या जोडावर काहीच ताण नसतो. झुला केला की ताण थेट उभ्या धाग्यांवर येतो, आणि सगळं वजन त्या फाशांच्या एका आडव्या रांगेवर जातं. इतकं सुंदर काम अशा जागी पणाला लावू नये.

चौथा, जाड रेशीम, मटका किंवा एरी जातीचं. काततानाच धागा जाड आणि थोडा खरबरीत असल्यामुळे शिलाईपाशी सरकत नाही. तांत्रिकदृष्ट्या हाच सगळ्यात चांगला रेशमी पर्याय होता. आक्का तो घेण्याच्या बेतात होत्या.

पाचवा सुती: इचलकरंजीच्या मागावरचं जाड डक कापड (कॅनव्हाससारखं घट्ट विणीचं), 58 इंच पन्ह्याचं. बोर्डरपलीकडून आण्णा बिनकामाचं म्हणून उचलून आणलेलं. सुती धागा ओला झाल्यावर उलट जास्त मजबूत होतो. पट्टीवर आम्ही दोन कॅन लावून पाहिले, तरी काही झालं नाही. पण पाठीला टोचेल इतकं राठ.

आत्तींचं म्हणणं

निर्णय फिरवला तो आत्तींनी. तुतीचं रेशीम काढताना कोसला (किड्याचा कोष) गरम पाण्यात किंवा वाफेत घालतात, आतला कीटक मरतो, आणि मग अखंड तंतू उलगडतात. आत्ती अनेक वर्षं नवीन रेशीम घेत नाहीत. त्या भाचीला एवढंच म्हणाल्या, “नवं रेशीम कशाला गं आणतीस? पेटीत हाय ते वापर की. झालं ते झालं.”

भाचीने एरीची बाजू मांडली. एरीचा कोसला एका टोकाला उघडा असतो, पतंग बाहेर पडल्यावर कापसासारखा कातता येतो. ते खरं आहे. पण ईशान्येकडे एरीचे कीटक खाण्यासाठीही पाळतात, त्यामुळे दुकानातलं एरी म्हणजे हिंसेविना काढलेलं असं कापड बघून सांगता येत नाही. मी हे आत्तींसमोर स्पष्ट सांगितलं. अशा बाबतीत विकणाऱ्याच्या शब्दावर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा नेम मोडायला लावणं मला बरोबर वाटत नाही.

आक्का थोड्या नाराज झाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे फिकट मोरपंखी मटक्याचा झुला तयार होता. दोन दिवस घरात हा विषय निघाला नाही. मग त्यांनीच फोन करून विचारलं, “माझ्या लग्नातली शहापुरी साडी आहे. तिचं काही होईल का?”

चाळीसेक वर्षांची साडी. आम्ही आतल्या टोकाची, जी नेसताना खोचली जाते तिथली, एक पट्टी कापून टांगली. अर्धा कॅन भरायच्या आत ती घडीच्या रेषेवर चिरली. घडी सोडून घेतलेल्या दुसऱ्या पट्टीने मात्र बराच वेळ तग धरला. म्हणजे कापड सरसकट विरलेलं नव्हतं, पण वजन पेलायला ते कुठल्याही अर्थाने योग्य नव्हतं.

निर्णय

इथे प्रश्न बदलला, आणि तो बदलला म्हणून उत्तर सापडलं. ‘कोणतं रेशीम वजन पेलेल’ याऐवजी ‘रेशमाने वजन का पेलावं’ असं विचारायला सुरुवात केली. आक्कांना रेशीम पाठीला हवं होतं. दोरीला ते असण्याची गरज नव्हती.

म्हणून दोन थर करायचे ठरले. खालचा थर इचलकरंजीच्या डकचा, सगळं वजन त्याच्यावर. वरचा थर साडीचा, फक्त अंगाला लागण्यापुरता. आणि साडी एकेरी न ठेवता तिची वाकळ करायची: खाली जुनं मऊ सुती लुगडं, वर रेशीम, आणि सगळ्या अंगभर जवळजवळ धावदोरा. वाकळीत प्रत्येक टाका आपल्यापुरता भाग धरून ठेवतो, त्यामुळे एका घडीवर चिरलं तरी चीर पुढे धावत नाही. आपल्याकडच्या वाकळी, कानडीतली कौदी, खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांच्या कवंदी, सगळ्यांचं शहाणपण हेच: विरलेल्या कापडाला टाक्यांनी आधार द्यायचा.

दोन थरांच्या झुल्यात एक गोष्ट सांभाळावीच लागते. जो थर तोकडा, तो वजन घेतो. दोन्ही समान कापले आणि रेशमी थर शिवणीत जरासा आखूड झाला, तर सगळं ओझं त्या चाळीस वर्षांच्या साडीवर जाईल. म्हणून वरचा थर खालच्यापेक्षा 10 सेंटीमीटर लांब ठेवायचा, हे मी दोनदा बजावलं.

प्रत्यक्ष काम

डक आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन वाळवलं. असं जाड सुती कापड धुतल्यावर आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर मापं बिघडतात. धुतल्यामुळे ते नरमही झालं. मग लांबी उभ्या धाग्याच्या दिशेने ठेवून तयार माप 3.35 मीटर धरलं. दोन्ही टोकांना 4 सेंटीमीटरची नळी दुमडून तीन ओळी शिलाई, पॉलिएस्टर दोरा, 18 नंबरची सुई. नळीतून 10 मिलिमीटरची दोरी ओवून कापड चुण्या पाडून आवळलं.

कसोटीच्या दोन पट्ट्या सोडल्या तर साडी कापली नाही. साडेपाच मीटरपैकी लागणारी लांबी मधोमध ठेवली, एका बाजूला पदर आणि दुसऱ्या बाजूला आतलं टोक खाली दुमडून घेतलं. त्यामुळे जरीचा पदर झाकला गेला आणि उद्या टाके उसवून साडी परत साडी करायची वाट मोकळी राहिली. जरीचे काठही आत वळवले, कारण जर घामाने काळी पडते आणि अंगाला ओरखडते. धावदोरा आक्का आणि गावातल्या दोघीजणींनी घातला. पन्ह्यात जे कमी पडलं ते सुती लुगड्याच्या पट्ट्यांनी भरून काढलं. ही वाकळ डकला कायमची शिवली नाही, नाड्यांनी बांधली. घाम लागणारं रेशीम सुटं करून थंड पाण्यात, साध्या सौम्य साबणाने धुता आलंच पाहिजे.

टांगायची जागा हा दुसरा मोठा निर्णय. भाचीला आंब्याखाली हवा होता. ऊन म्हणजे रेशमाचा नाश, तेव्हा तो विचार तिथेच संपला. आण्णांनी सोप्यातले, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीतले, दोन लाकडी खांब सुचवले. जुन्या घरातला खांब तळखड्यावर (खालच्या दगडावर) नुसता उभा असतो. वरच्या भाराने तो जागेवर राहतो. झुला त्याला आडवा ओढतो: 30 अंशांवर 80 किलोच्या माणसामुळे जवळपास 70 किलो, बाजूने. हा धोका पत्करायचा नाही यावर मी ठाम होते.

झोपाळ्याची तुळई मात्र चांगली सागवानी होती. तिच्यावरच दोन जागी, 14 फुटांच्या अंतरावर, आरपार बोल्ट घालून नवीन कड्या बसवल्या. जुन्या झोपाळ्याच्या कड्या सरळ खाली येणाऱ्या ओझ्यासाठी असतात, तिरक्या ओढीसाठी त्या वापरल्या नाहीत. दोन्ही कड्या एकाच तुळईत असल्यामुळे त्यांची आडवी ओढ एकमेकींकडे जाते, भिंतीवर किंवा खांबावर येत नाही. तुळई आठ फुटांवर असल्याने कोन 30 ऐवजी 40 अंशांच्या वर गेला. कापडावरचा ताण त्यामुळे कमी झाला, पण झुल्याची झोळ जास्त खोल पडली. पाठीच्या दुखण्याला हे थोडं अडचणीचं होतं. त्यावर उपाय म्हणजे झुल्यात सरळ न झोपता तिरकं झोपायचं, डोकं एका काठाकडे आणि पाय दुसऱ्या काठाकडे. पन्हा 58 इंच असल्यामुळे तसं झोपता आलं आणि पाठ बरीचशी सपाट राहिली. फक्त साडीच्या पन्ह्याचा झुला असता तर हे जमलं नसतं.

माणूस बसण्याआधी साखरेची 50 किलोची दोन पोती रात्रभर झुल्यात ठेवली, खाली गाद्या पसरून. सकाळी डक दोन-तीन बोटं सैल झालं होतं. गाठी पुन्हा आवळल्या.

परिणाम

संपूर्ण उन्हाळा झुला रोज वापरात होता. आक्कांचं पुरळ गेलं. पाठीबद्दल मी दावा करणार नाही, त्यांचे व्यायामही चालू होते. त्या स्वतः म्हणतात की दुपारची झोप लागते. डकला आणि शिलाईला काही झालेलं नाही. रेशमी थरावर कमरेच्या जागी एका जुन्या घडीची चीर दिसली. धावदोऱ्यामुळे ती दोन बोटांपुढे गेली नाही. खाली मलमलचा तुकडा घालून ती जागा पुन्हा टाचली.

पावसाळ्यात वाकळ काढून ठेवली. दमट हवेत रेशीम बांधून ठेवलं की बुरशी धरते. ती आता गुंडाळी करून ठेवली आहे, घडी घालून नाही.

आत्ती झुल्यात झोपत नाहीत, पण संध्याकाळी कडेला बसतात.

वेगळं काय करता आलं असतं

कड्यांची जागा आधी ठरवायला हवी होती आणि कापडाची लांबी त्यावरून. इथे कापड कापून झाल्यावर तुळईचं अंतर मोजलं गेलं. अजून फूटभर लांब कापड असतं तर झोळ थोडी उथळ करता आली असती.

घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. आत्तींचा नेम कुणाला नवीन नव्हता, तरी बाजारातली फेरी आणि मटक्याचं स्वप्न आधी झालं. आक्कांची नाराजी त्यातून आली.

पट्टीची कसोटी जोडासकट घ्यावी. नुसती अखंड पट्टी टांगून ‘60 ग्रॅम’चं रेशीम पास झालं होतं. शिलाई घातल्यावरच त्याची अडचण कळली.

ज्यांच्या पेटीत जुनी साडी नाही आणि नवीन रेशमाला घरात हरकत नाही, त्यांनी काय करावं, असं भाचीने नंतर विचारलं. मी तरीही दोन थरच सांगेन. खाली डक किंवा तितकंच जाड सुती कापड, वर मटका किंवा एरी, सावलीतली जागा, आणि वरचा थर सुटा. पूर्ण रेशमाचा झुलाच हवा असेल तर कापड जाड हवं, टोकाला शिलाई न घालता कापड चुण्या पाडून दोरीने घट्ट गुंडाळावं, आणि दर महिन्याला गुंडाळीजवळचे धागे बोटांनी चाचपून बघावेत. तिथेच ते आधी तुटतात.